रेडमी नोट ४ अजून कामाचा आहे: जुना फोन पुन्हा उभा करण्याची पद्धत

शाओमीनं १९ जानेवारी २०१७ ला रेडमी नोट ४ भारतात आणला. तीन प्रकार होते: २ जीबी रॅम आणि ३२ जीबी साठवण ९,९९९ रुपयांना, ३ जीबी आणि ३२ जीबी १०,९९९ ला, ४ जीबी आणि ६४ जीबी १२,९९९ ला. त्या वर्षी भारतात सर्वाधिक विकल्या गेलेल्या फोनांमध्ये तो होता. त्यामुळे आज कितीतरी घरांतल्या खणांत हा फोन पडून आहे. काचेवर ओरखडे असतात, बॅटरी थकलेली असते, पण तो सुरू होतो आणि फोनही लागतो.

तो टिकला याची कारणं त्याच्या बांधणीत आहेत. पहिलं कारण म्हणजे स्नॅपड्रॅगन ६२५ ही चिप. तिच्यातले आठही गाभे (कोर) कॉर्टेक्स-ए५३ जातीचे, जास्तीत जास्त २ गिगाहर्ट्झचे. वेगात ती त्या काळीही पहिल्या रांगेत नव्हती. पण ती १४ नॅनोमीटरच्या प्रक्रियेवर बनली होती आणि तेव्हाच्या मधल्या किमतीच्या फोनांतल्या बहुतेक चिप २८ नॅनोमीटरच्या होत्या. म्हणून ती वीज कमी खाते आणि तापत नाही. फोन जेवढा कमी तापतो तेवढी बॅटरी, डिस्प्ले आणि बोर्डावरचे सांधे जास्त जगतात. दुसरं कारण ४१०० एमएएचची बॅटरी. तिसरं म्हणजे पाठ काचेची नसून धातूची आहे आणि ती कडेच्या खाचांवर बसलेली असते, गोंदानं नाही. त्यामुळे हा फोन घरच्या घरी उघडता येतो. त्यात वरच्या कडेला ३.५ मिमीचा हेडफोन जॅक आणि टीव्ही-एसी चालवणारा इन्फ्रारेड दिवा, आत एफएम रेडिओ, पुढे सूचनांचा छोटा दिवा, मागे बोटाचा ठसा ओळखणारा सेन्सर. यातल्या निम्म्या गोष्टी आजच्या महागड्या फोनांतही मिळत नाहीत.

हा फोन पुन्हा वापरात आणायचा तर खालच्या क्रमानं जा. क्रम महत्त्वाचा आहे. बरेच जण आधी नवा रॉम (फोन चालवणारं अख्खं सॉफ्टवेअर) टाकतात आणि मग कळतं की फोन बंद पडत होता तो बॅटरीमुळे.

आधी ओळख पटवा

रेडमी नोट ४ या नावाचे दोन वेगळे फोन आहेत. चीनमध्ये २०१६ मध्ये आलेल्या पहिल्या फोनात मीडियाटेकची हेलिओ एक्स२० चिप होती. भारतात विकला गेला तो स्नॅपड्रॅगन ६२५ चा. त्याचं सांकेतिक नाव ‘मिडो’, आणि परदेशात तोच रेडमी नोट ४एक्स म्हणूनही विकला गेला. दोन्हींची बॅटरी वेगळी, बोर्ड वेगळा, सॉफ्टवेअर वेगळं. एकाचा रॉम दुसऱ्यात टाकला तर फोन सुरूच होणार नाही. परदेशातून आणलेला किंवा कुणाकडून घेतलेला फोन असेल तर ‘अबाउट फोन’मध्ये प्रोसेसरची ओळ बघा. तिथे २ गिगाहर्ट्झचे आठ गाभे दिसले तरच पुढचं सगळं तुमच्या फोनाला लागू आहे.

जुन्या बाजारातून घेत असाल तर पैसे देण्याआधी तीन गोष्टी करा. *#०६# डायल करून आयएमईआय (फोनाचा ओळख क्रमांक) मिळवा आणि केवायएम लिहून, एक जागा सोडून, तो १५ अंकी क्रमांक १४४२२ वर एसएमएस करा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तिथे कळतं. मग सेटिंगमध्ये जाऊन जुन्या मालकाचं ‘मी’ (शाओमीचं) अकाउंट आणि गुगल अकाउंट दोन्ही त्याच्याच हातून काढून घ्या. नुसतं रीसेट करून भागत नाही, कारण रीसेटनंतर फोन तोच पासवर्ड मागतो. शेवटी सिमचा ट्रे ओढून बघा. तो वाकडा असेल किंवा आतल्या पिना वाकल्या असतील तर फोन घेऊ नका.

२ जीबी रॅमचा प्रकार फुकट मिळाला तरच ठेवा. अँड्रॉइड आणि मीयूआय (त्यावरचं शाओमीचं आवरण) मिळून त्यातली बहुतेक जागा खातात, आणि व्हॉट्सॲपमधून बाहेर येऊन परत गेलं की ते पहिल्यापासून उघडतं. ३ जीबीचा एकाच ठरावीक कामाला बरा. रोज हातात धरायचा असेल तर ४ जीबी आणि ६४ जीबीचाच.

दहा मिनिटांची तपासणी

डायलरवर *#*#६४८४#*#* दाबा. मीयूआयची हार्डवेअर चाचणी उघडते. तो क्रमांक चालला नाही तर ‘अबाउट फोन’मध्ये कर्नल व्हर्जनच्या ओळीवर भराभर टिचक्या मारत राहा, तीच यादी येते. टच, स्पीकर, माइक, प्रॉक्सिमिटी (फोन कानाला लावल्याचं ओळखणारा सेन्सर), इन्फ्रारेड, कॅमेरा एकेक करून बघा. टचच्या चाचणीत पडद्याचा प्रत्येक कोपरा रंगवा. एखादा उभा पट्टा रंगतच नसेल तर पडदा गेला आहे असं समजा. पडदा म्हणजे काच, टच आणि एलसीडी एकत्र चिकटवलेला भाग. दुरुस्तीवाले त्याला फोल्डर किंवा कॉम्बो म्हणतात. या फोनाच्या किमतीकडे बघता नवा फोल्डर घालण्यात अर्थ नाही. बाजारातल्या स्वस्त फोल्डरमध्ये टच उड्या मारतो आणि खालच्या तीन बटणांचे दिवेही फिके असतात. बोर्ड जळालेला दुसरा नोट ४ मिळाला तर त्याचा मूळ पडदा काढून घालणं हा एकमेव शहाणा मार्ग.

फोन कानाला लावल्यावर पडदा काळा होतो आणि कॉल संपला तरी उजळत नाही, ही तक्रार फार येते. बहुतेक वेळा दोष सेन्सरचा नसतो. वरून लावलेल्या संरक्षक काचेला प्रॉक्सिमिटीसाठी भोक नसतं किंवा तिच्या कडेखाली धूळ गेलेली असते. ती काच काढा, कानाच्या स्पीकरजवळचा भाग पुसा आणि चाचणीच्या यादीतूनच सेन्सर पुन्हा कॅलिब्रेट करा.

आता बॅटरी. पूर्ण चार्ज करा, मोबाइल डेटावर अर्धा तास व्हिडिओ लावा आणि मग कॅमेरा उघडून फ्लॅशसह पाच-सहा फोटो काढा. टक्के एकदम दहा-पंधरानं खाली आले किंवा २५-३० टक्क्यांवर फोन बंद पडला, तर बॅटरीचा आतला रोध वाढला आहे. जुन्या पेशीत वीज शिल्लक असते, पण एकदम जास्त मागितली की तिचा दाब (व्होल्टेज) कोसळतो आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. थंडीच्या पहाटे हे जास्त होतं. रीसेट, ‘बॅटरी कॅलिब्रेशन’ची ॲप, रात्रभर चार्जिंग, यातल्या कशानंही ते बरं होत नाही. बॅटरी बदलणं हाच उपाय आहे.

बॅटरी बदलणं

या फोनावर खर्च करायचा तर इथेच करा. स्नॅपड्रॅगनच्या नोट ४ ची बॅटरी बीएन४३. मीडियाटेकच्या फोनाची बीएन४१, दिसायला सारखीच. दुकानदार ‘दोन्हीला चालते’ म्हणाला तरी लेबलावर बीएन४३ वाचल्याशिवाय घेऊ नका. मूळ लेबलावर ४००० एमएएच किमान आणि ४१०० नेहमीची क्षमता असते, दाब ३.८५ व्होल्ट आणि चार्जिंगची मर्यादा ४.४ व्होल्ट. लेबलावर ५०००-६००० लिहिलेली बॅटरी खोटी समजा. त्याच आकारात तेवढी वीज मावत नाही. बनवल्याची तारीखही बघा. चार-पाच वर्षं कपाटात पडलेली ‘नवी’ बॅटरी आतून जुनीच झालेली असते.

लागणाऱ्या वस्तू: सिमची पिन, गिटारचा प्लास्टिक पिक किंवा जुनं पातळ प्लास्टिक कार्ड, फिलिप्स ००चा स्क्रू ड्रायव्हर, प्लास्टिकची चपटी पट्टी, चिमटा, हेअर ड्रायर, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, दुहेरी चिकटपट्टी. धातूचा चाकू किंवा स्क्रू ड्रायव्हर घालून बॅटरी उचकटू नका.

फोन आधी २५ टक्क्यांच्या खाली आणून बंद करा. कमी भरलेली बॅटरी चुकून टोचली गेली तर आगीचा जोर कमी असतो. सिमचा ट्रे बाहेर काढा. तो आत राहिला तर पाठ अडकते आणि ट्रेची खाच मोडते.

पडद्याची चौकट आणि धातूची पाठ यांच्यामध्ये बारीक फट आहे. तिथे पिक घाला आणि कडेनं सरकवत न्या. खाचा ‘टक टक’ आवाजानं सुटतात. जिथे जोर लागेल तिथे हेअर ड्रायरनं मिनिटभर कोमट करा, ओढाताण करू नका. पिक ३-४ मिलिमीटरपेक्षा आत घालू नका.

पाठ सुटली म्हणून ती एकदम उचलू नका. ठशाचा सेन्सर पाठीला चिकटलेला आहे आणि त्याची पातळ पट्टी मुख्य बोर्डाला जोडलेली आहे. पाठ पुस्तकासारखी थोडीशीच उघडा, जोडणी दिसली की तिच्यावरचा आधार सोडवून प्लास्टिकच्या पट्टीनं ती वर उचला. या फोनात घरगुती दुरुस्तीत सर्वांत जास्त तुटते ती हीच पट्टी. ती तुटली तरी फोन चालतो, पण ठसा कायमचा जातो.

मग कुठलंही दुसरं काम करण्याआधी बॅटरीची जोडणी सोडवा. बोर्डावरचे स्क्रू ज्या क्रमानं निघतील त्या क्रमानं कागदावर फोनाचं चित्र काढून त्याच जागी ठेवत जा. लांबीत थोडाच फरक असलेला स्क्रू चुकीच्या भोकात पिळला तर तो बोर्डाच्या थरांत घुसतो आणि बोर्ड मरतो.

बॅटरी दुहेरी चिकटपट्टीवर बसलेली असते. ओढायची शेपटी दिसत असेल तर ती चपट्या कोनात, सावकाश ओढा. ती तुटली तर बॅटरीच्या कडेनं अल्कोहोलचे चार-पाच थेंब सोडा, दोन मिनिटं थांबा आणि प्लास्टिक कार्ड खालून सरकवा. बॅटरी वाकवू नका. फुगलेली असेल तर आणखी जपा: खिडकी उघडी ठेवा, शेजारी वाळूची बादली ठेवा आणि टोक लागणारी कुठलीही वस्तू वापरू नका. जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायची नाही, तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.

नवी बॅटरी चिकटवण्याआधी नुसती जोडून फोन सुरू करून बघा. चार्जर लावून टक्के वाढतात का, ठसा चालतो का, ते पाहून मगच पक्की करा. पाठ बंद करताना कडेनं अंगठ्यानं दाबत जा. एखाद्या ठिकाणी फट राहिली तर आत पट्टी दुमडली आहे. तिथे जोर लावू नका, उघडून सरळ करा.

पहिले दोन-तीन दिवस १५-२० टक्क्यांपासून १०० पर्यंत सलग चार्ज करा, म्हणजे फोनातला मोजणारा भाग नव्या पेशीशी जुळतो. त्यानंतर अशी पूर्ण चक्रं करायची गरज नाही. ॲक्युबॅटरीसारख्या ॲपनं चार-पाच चार्जनंतर क्षमतेचा अंदाज येतो. तो ३,५०० एमएएचच्या पुढे असेल तर बॅटरी ठीक मिळाली. ३,००० च्या आत असेल तर दुकानदाराला परत द्या.

चार्जिंग आणि आवाजाच्या तक्रारी

हा फोन मायक्रो यूएसबीचा आहे. त्या रचनेत पकड धरणारे स्प्रिंगचे आकडे फोनात नसून केबलच्या टोकावर असतात. म्हणून केबल सैल बसते तेव्हा आधी नवी केबल घ्या, दहातल्या निम्म्या वेळा तिथेच प्रश्न मिटतो. तरी सैल राहिली तर फोन बंद करून भोकात उजेड पाडून बघा. खिशातल्या कापसाचा दाबून बसलेला थर तळाशी सापडतो. लाकडी दातकोरणीनं तो कडेकडेनं काढा. मधली चपटी जीभ हलवू नका, सुई तर मुळीच नको.

सोबत आलेला चार्जर ५ व्होल्ट २ ॲम्पियरचा होता आणि तोच बरोबर आहे. ४१०० एमएएचला त्यानं सव्वादोन ते अडीच तास लागतात. चार तास लागत असतील तर केबल पातळ आहे किंवा खालचा चार्जिंग बोर्ड झिजला आहे.

हा चार्जिंग बोर्ड छोटा आणि वेगळा आहे. मुख्य बोर्डापासून तो एका रुंद पट्टीनं जोडलेला असतो. बोलण्याचा माइकही त्याच्यावरच आहे. म्हणून ‘चार्ज नीट होत नाही’ आणि ‘समोरच्याला आवाज जात नाही’ या दोन तक्रारी एकाच भागानं सुटतात. आधी खात्री करा: आवाज रेकॉर्ड करून ऐका, मग कॉल स्पीकरवर टाकून बोला. साध्या कॉलवर आवाज जात नाही पण स्पीकरवर जातो, असं असेल तर खालचा माइक गेला आहे. वरच्या कडेला दुसरा माइक आहे, गोंगाट कमी करायला. खालच्या भोकांत पिन घालून ‘साफ’ करणाऱ्यांनी कित्येक माइक फोडले आहेत. मऊ कोरडा ब्रश पुरे.

सिमचा ट्रे आणि नेटवर्क

ट्रेमध्ये पहिली जागा मायक्रो सिमची आहे, दुसरी नॅनो सिमची. दुसऱ्या जागी सिम किंवा मेमरी कार्ड, दोन्हींपैकी एकच बसतं. आजचं सिम तीन आकारांत कापता येतं, तेव्हा पहिल्या जागेसाठी मधला आकार ठेवा. नॅनो कापून झालेलं सिम तसंच मायक्रोच्या खाचेत ठेवून ट्रे आत ढकलला तर सिम सरकतं आणि पिना वाकतात. अडॅप्टर वापरायचाच असेल तर मागून पातळ चिकटपट्टी लावलेला वापरा.

हा फोन एका वेळी एकाच सिमवर ४जी चालवतो, दुसरं सिम ३जी किंवा २जीवर जातं. जिओचं जाळं ४जीपासूनच सुरू होतं, म्हणून जिओचं सिम डेटासाठी निवडलेलं असलं तरच त्याच्यावर कॉल येतो. जिओ दुसऱ्या बाजूला ठेवून ‘रेंज नाही’ म्हणणारे खूप आहेत. सेटिंगमध्ये व्होएलटीई (४जीवरून कॉल) सुरू आहे ना तेही बघा. ५जी या चिपमध्ये नाही आणि कुठल्याही रॉमनं येणार नाही.

मूळ सॉफ्टवेअर ठेवायचं की बदलायचं

फोन अँड्रॉइड ६ वर आला, ७.० वर गेला आणि तिथेच थांबला. वरचा मीयूआय मात्र ११ पर्यंत आला. दिसायला तो नवा वाटतो, आतला अँड्रॉइड जुनाच आहे. याचा रोजच्या वापरावर खरा परिणाम होतो. क्रोमनं २०२३ च्या शेवटी अँड्रॉइड ७ सोडला, ११९ ही त्याच्यावर चालणारी शेवटची आवृत्ती. दुसरी अडचण प्रमाणपत्रांची, म्हणजे संकेतस्थळ खरं आहे हे फोनाला पटवणाऱ्या पुराव्यांची. इंटरनेटवरची असंख्य संकेतस्थळं लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रं वापरतात आणि त्यांचं मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१ पासून फोनात आलं. त्याआधीच्या फोनांसाठी केलेली सोय ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. म्हणून काही ॲप या फोनात ‘सुरक्षित जोडणी होत नाही’ म्हणून थांबतात. मूळ प्रमाणपत्र हातानं घालता येतं, पण अँड्रॉइड ७ पासून बहुतेक ॲप हातानं घातलेल्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवत नाहीत.

फोन फक्त कॉल, रेडिओ, रिमोट आणि गाण्यांसाठी हवा असेल तर मीयूआय ठेवा आणि एवढं करा: बॅकअप घेऊन पूर्ण रीसेट. त्यानंतर सेटिंगमधल्या ‘ऑथरायझेशन’च्या पानावर एमएसए बंद करा, जाहिराती तिथून येतात. डेव्हलपर पर्यायांत हालचालींचे तिन्ही वेग ०.५ वर आणा. साठवणीचा पाचवा भाग तरी मोकळा ठेवा. या फोनाची ईएमएमसी जातीची साठवण भरत आली की लिहिण्याआधी जागा पुसावी लागते आणि फोन अडखळतो. लोक त्याला ‘हँग होतो’ म्हणतात आणि रॅमला दोष देतात.

इंटरनेटसाठी वापरायचा असेल तर नवा रॉम हवा. या फोनाचं दीर्घायुष्य इथे दिसतं: मिडोसाठी लिनेजओएससकट इतके रॉम निघाले की कंपनीनं सोडल्यावरही स्वयंसेवकांनी त्याला अँड्रॉइडच्या कितीतरी पुढच्या आवृत्त्यांवर नेलं. आधी बूटलोडरचं (फोन सुरू करणाऱ्या पहिल्या प्रोग्रामचं) कुलूप उघडायचं, मग रॉम टाकायचा. पद्धत अशी.

मी अकाउंटनं फोनात लॉगिन करा, सिम घाला, वायफाय बंद करून मोबाइल डेटा चालू ठेवा. डेव्हलपर पर्यायांत ‘ओईएम अनलॉकिंग’ सुरू करा आणि ‘मी अनलॉक स्टेटस’मध्ये अकाउंट जोडा. विंडोजच्या संगणकावर मी अनलॉक टूल उघडून त्याच अकाउंटनं आत जा. फोन बंद करून आवाज-कमी आणि पॉवर एकत्र दाबा, टोपीवाला ससा दिसला की फास्टबूट (संगणकावरून फोनात लिहू देणारी अवस्था) सुरू झालं. केबल लावून अनलॉक दाबा. टूल थांबायला सांगतं, बहुतेकदा १६८ तास. त्या काळात अकाउंट काढू नका आणि पुन्हा जोडूही नका, नाहीतर मोजणी पहिल्यापासून सुरू होते. मुदत संपल्यावर तेच पुन्हा केलं की कुलूप उघडतं आणि फोनातलं सगळं पुसलं जातं. फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप त्याआधी घेतलेला हवा.

यानंतर फास्टबूटमधूनच मिडोसाठीची रिकव्हरी (रॉम टाकण्याचं छोटं साधन) बसवा. बसली की फोन मीयूआयमध्ये जाऊ देऊ नका, तो जुनी रिकव्हरी परत लिहितो. केबल काढा आणि लगेच आवाज-जास्त आणि पॉवर दाबून थेट रिकव्हरीत जा.

इथे पहिलं काम बॅकअपचं: ईएफएस आणि पर्सिस्ट हे दोन भाग मेमरी कार्डावर घ्या आणि तिथून संगणकावर उतरवा. आयएमईआय आणि व्होएलटीईची माहिती यांच्याशी जोडलेली असते. मिडोवर एका रॉममधून दुसऱ्यात जाताना हेच भाग बिघडतात आणि मग फोनाला सिम दिसतं पण कॉल लागत नाही. ज्यांच्याकडे हा बॅकअप असतो त्यांचं काम पाच मिनिटांत होतं. ज्यांच्याकडे नसतो त्यांचा फोन बहुधा वायफायपुरता उरतो.

मग ‘फॉरमॅट डेटा’ करा. नुसतं पुसणं पुरत नाही, जुनं कूटलेखन राहिलं तर नवा रॉम पासवर्ड मागत बसतो. रॉमची झिप टाका, रॉमच्या पानावर एखादं ठरावीक फर्मवेअर सांगितलं असेल तर ते आधी. गुगलची ॲप हवी असतील तर पहिल्यांदा सुरू करण्याआधीच टाका, एआरएम६४ साठीची आणि रॉमच्या अँड्रॉइड आवृत्तीशी जुळणारी, सर्वांत छोटी पुडी निवडा. पहिल्या वेळी सुरू व्हायला दहा मिनिटं लागू शकतात. वीस मिनिटांनंतरही चित्रच फिरत असेल तर फॉरमॅट राहिला आहे किंवा आवृत्ती जुळलेली नाही.

एक किंमत मोजावी लागते. बूटलोडरचं कुलूप उघडलेल्या फोनावर अनेक बँकांची आणि यूपीआयची ॲप चालायला नकार देतात. कुलूप लावून अँड्रॉइड ७ वर ठेवला तर सुरक्षेची भोकं बुजत नाहीत. म्हणून सरळ नियम ठेवा: या फोनात पैशांचं कुठलंही ॲप नको, आणि ज्या सिमवर बँकेचा ओटीपी येतो ते सिमही नको.

कुठल्या कामाला लावावा

सर्वांत चांगलं काम म्हणजे घरचा रिमोट आणि रेडिओ. शाओमीच्या ‘मी रिमोट’ ॲपमध्ये टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि एसी एकेक करून जोडा. एसीच्या बाबतीत एक लक्षात ठेवा: एसीचा रिमोट दर वेळी तापमान, पंखा, मोड ही सगळी स्थिती एकदम पाठवतो, एसीकडून त्याला काहीच परत कळत नाही. म्हणून मूळ रिमोटवर २४ आणि फोनात २७ असेल तर फोनातून पंख्याचं बटण दाबताच तापमानही २७ होतं. नवा रॉम टाकला असेल तर इन्फ्रारेडचं वेगळं ॲप घालावं लागेल. रेडिओसाठी वायरचा हेडफोन लावा, तीच अँटेना. मग आवाज स्पीकरवर वळवता येतो. पुण्यात १०१ आणि मुंबईत १०७.१ मेगाहर्ट्झवर आकाशवाणी लावून बघा. इंटरनेट लागत नाही आणि एका चार्जवर दिवसच्या दिवस चालतं.

आजी-आजोबांना द्यायचा असेल तर पडदा सोपा करणारा लाइट मोड, मोठी अक्षरं, आणि खालची तीन बटणं उजळलेली राहतील असं करा. पडद्यावर बोट घासून मागे जाण्यापेक्षा ठरावीक जागची बटणं त्यांच्या हाताला लवकर बसतात.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी तो सॅकमध्ये दुसरा फोन म्हणून ठेवावा. ऑफलाइन नकाशाचं ॲप घाला, महाराष्ट्राचा नकाशा घरीच उतरवून घ्या आणि वर गेल्यावर एअरप्लेन मोड लावा. जीपीएस त्या मोडमध्येही चालतं, आणि रेंज शोधण्यात जाणारी वीज वाचल्यामुळे नवी बॅटरी सहज दोन दिवस पुरते. इंटरनेट नसल्यामुळे पहिली जागा सापडायला काही मिनिटं लागतात. ती पायथ्याला, उघड्यावर उभं राहून घ्या, झाडीत शिरल्यावर नाही.

फोटोंसाठी १३ मेगापिक्सेलचा कॅमेरा दिवसाउजेडी अजून ठीक आहे, संध्याकाळी दाणे येतात. नव्या रॉमवर गुगल कॅमेऱ्याची मिडोसाठी जुळवलेली आवृत्ती टाकली तर रात्रीच्या फोटोंत लक्षात येण्याइतका फरक पडतो.

घरावर नजर ठेवणारा कॅमेरा म्हणून मात्र तो कायम चार्जरला लावून भिंतीवर टांगू नका. १०० टक्क्यांवर आणि उबेत महिनोन्‌महिने राहिलेली बॅटरी फुगते आणि आतून पडदा उचलते. तेच काम करायचं असेल तर चार्जर वेळापत्रकाच्या प्लगवर लावा, सकाळी एक तास आणि रात्री एक तास. टक्के ३० आणि ८० च्या मध्ये राहतील असा वेळ आठवडाभर बघून ठरवा. महिन्यातून एकदा फोन सपाट टेबलावर पाठीवर ठेवून बोटानं एका कोपऱ्यावर दाबा. तो मधोमध टेकून भोवऱ्यासारखा डुलला, किंवा पडद्याच्या कडेनं फट दिसली, तर त्याच दिवशी बॅटरी काढा.

खणात ठेवायचाच असेल तर ५०-६० टक्के चार्ज करून, बंद करून ठेवा आणि दर तीन-चार महिन्यांनी परत तेवढाच भरा. पूर्ण रिकामा ठेवलेला फोन वर्षभरानं चार्जरला लावल्यावर नुसता दिवा लुकलुकतो. तसा दिसला तर घाईनं मृत ठरवू नका. पेशीचा दाब फार खाली गेला की चार्जिंगचं मंडळ अगदी थोडी वीज देत तिला सावकाश वर आणतं. तासभर तसाच राहू द्या, मग पॉवर दाबून बघा. त्या तासात पाठ गरम लागली तर मात्र लगेच केबल काढा आणि ती बॅटरी पुन्हा वापरू नका.